धुमाळकाकांची नोटीस

धुमाळकाका गेल्याचं आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं आणि पाच मिनिटांत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कोणी लिहिलं, किती गोड माणूस. कोणी लिहिलं, अरेरे, पिकनिकला आले होते ते टोपीवाले काका ना? मी फोन पलंगावर फेकला. गोड? धुमाळकाका आणि गोड? तो माणूस सकाळी डोळे उघडल्यापासून कशावर ना कशावर संतापलेला असायचा आणि दहांतल्या नऊ वेळा त्याचं बरोबर असायचं. आज हात जोडणाऱ्यांपैकी एकानंही त्या उन्हाळ्यात त्यांच्यासाठी इकडची काडी तिकडे केली नव्हती. मीही त्यांच्यातलीच. मी गाडी चालवली, एवढ्यावर स्वतःला थोडी सूट देते, आणि देताना लाज वाटते.

शंकरराव धुमाळ. सातारा जिल्ह्यात आयुष्यभर मोजणीदार होते. फलटण, दहिवडी, वडूज, जिथे बदली होईल तिथे भावाभावांच्या बांधावर उभं राहून जमीन मोजून द्यायची, हे त्यांचं काम. काकू गेल्यावर मुलीकडे, स्मिताकडे, दर उन्हाळ्यात सहा महिने अमेरिकेत टुरिस्ट व्हिसावर यायला लागले. स्मिता आणि निखिल सेंट लुईसच्या पश्चिमेला आमच्याच कॉलनीत राहतात, तीन घरं सोडून. मी सोलापूरची, इथे एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या कुंपणाला लागून मोठ्यानं आकडे म्हणत चालत होते. पांढरा पायजमा, स्पोर्ट्‌स शूज, कानावर पेन्सिल. मला वाटलं, वयोमानानं काही बिनसलं असेल. हाक मारली तर हातानंच थांबवलं, शेवटपर्यंत चालत गेले, खिशातल्या वहीत काही लिहिलं आणि मग मला सुनावलं की माझं कुंपण दीड हात आत आहे, शेजाऱ्याला इतकी वर्षं फुकट जागा देते आहे, आणि मी शिकलेली बाई असून मला पत्ता नाही. मी हसत म्हटलं, अंदाजे दीड हात का? झालं. काका असे भडकले की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. अंदाजे हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायचा नाही. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं आणि ते रोज सकाळी स्मिताच्या गॅरेजमध्ये टेप पसरून, दहा पावलं टाकून ते तपासायचे. पंचवीस फुटांना अर्धा इंच जरी कमीजास्त झालं तर त्या दिवशी मोजणी बंद. गुडघा आज खोटं बोलतोय, म्हणायचे.

त्यांचा राग यादी करावी असा होता, पण यादी करायचा मला कंटाळा आहे. फोनमधल्या नकाशावर विशेष राग. ही बाई रस्ता सांगते, जागा सांगत नाही. विमानातून दिसणाऱ्या अमेरिकेच्या चौकोनी शेतांवर राग. ओढा नाही बघितला, टेकडी नाही बघितली, कागदावर पट्टी ठेवून मुलूख कापला. निखिल 'ऑलमोस्ट' म्हणाला की राग. निखिल बिचारा दिवसातून तीसदा ऑलमोस्ट म्हणतो, त्यामुळे त्या घरात जेवणं फार शांततेत होत नसत.

मंडळाची जूनमधली पिकनिक त्या वर्षी सेंट जेनेव्हीवला ठरली. सेंट लुईसहून खाली दक्षिणेला तासाभराच्या थोडं पुढे, मिसिसिपीच्या काठचं फ्रेंच गाव. मेसेजमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, व्हिसाशिवाय फ्रान्स! आमच्यातले अर्धे लोक व्हिसा या शब्दानंच दचकतात, पण जवळपास वाइनरी आहेत म्हटल्यावर चार गाड्यांच्या नऊ झाल्या.

गाव लहान, चालत पाऊण तासात संपणारं. गाईड बाईंनी चांगलं सांगितलं. कॅनडातून नद्यानद्यांनी खाली उतरलेल्या फ्रेंच लोकांनी ते वसवलं, आधी अगदी नदीकाठच्या गाळात, कारण गहू तिथे सोन्यासारखा यायचा. जवळच्या झऱ्यांवर मीठ, डोंगरात शिसं, आणि मालाची ने-आण करायला नदी. मग एका वर्षी नदी अशी चढली की गावच बुडालं. लोकांनी दोन-तीन मैल वर, एका ओढ्याच्या दोन फाट्यांमधल्या उंचवट्यावर पुन्हा घरं बांधली, पण शेती खालीच ठेवली. मध्येच स्पेनचं राज्य आलं, परत फ्रान्सचं, आणि मग फ्रान्सनं हा सगळा मुलूखच अमेरिकेला विकून टाकला. झेंडे बदलले, नांगर त्याच पट्ट्यांत चालत राहिले.

आमची मंडळी ओसऱ्यांवर उभी राहून फोटो काढत होती. काकांनी मात्र एका घराच्या भिंतीला हात लावला. सीडरचे ओंडके उभेच्या उभे जमिनीत रोवलेले, मधल्या फटींत माती आणि गवत लिंपलेलं, वरून चुना. फ्रान्स कसलं, हे कुडाचं घर आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मी ते गाईडबाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या आणि त्यांनी कूड हा शब्द दोनदा म्हणून पाहिला.

मग आतल्या भिंतीवर काकांना तो नकाशा दिसला. गावाच्या खालचं मोठं सामाईक रान, आणि त्यात नदीपासून थेट टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेलेल्या अरुंद, लांबलचक पट्ट्या, एकीला लागून एक. काका तिथून हलेनात. मला दंडाला धरून उभं केलं आणि प्रश्नामागून प्रश्न विचारायला लावले. प्रत्येकाला नदीचा गाळ मिळावा, मधली चांगली जमीन मिळावी आणि टेकडीकडचं लाकूडही मिळावं, म्हणून पट्ट्या अशा कापल्या का? हो. मध्ये बांध? नाहीत. सगळ्या रानाला बाहेरून एकच कुंपण, आणि ज्याची पट्टी त्यानं आपल्या समोरचा तुकडा नीट ठेवायचा. एकानं आळस केला की गावाची गुरं सगळ्यांचं पीक खाणार. म्हणून गावच्या बैठकीत त्याला फैलावर घेत. काकांचा चेहरा असा उजळला की मी तीन उन्हाळ्यांत तसा दुसऱ्यांदा पाहिला नाही. ही भावकी आहे, म्हणाले, आणि यांच्यात कुणीतरी शहाणा मोजणीदार होता.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"सात कळलं. आता बारा सांगा म्हणावं."

मला गाईडबाईंना सातबारा समजावून सांगावा लागला. सातमध्ये मालकाचं नाव. बारामध्ये त्या जमिनीत पीक काय आणि प्रत्यक्षात ते काढलं कुणी. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, राबणारे गुलाम होते. आफ्रिकेतून आणलेले बरेच, काही इथले मूळचे. आमच्या ग्रुपनं 'ओह' केलं आणि घड्याळं पाहिली, कारण वाइनरीचं बुकिंग एक वाजताचं होतं. मला आजही त्या 'ओह'चा संताप येतो. काकांनी विचारलं, त्यांची नावं काय, आणि ते पुरलेत कुठे. गाईडबाईंनी मागे तिकिटाच्या टेबलाकडे पाहिलं.

टेबलामागे मिस लोरेन बसल्या होत्या. उंच, काळ्या, सत्तरीच्या पुढच्या, आयुष्यभर शाळेची बस चालवलेल्या. आवाज असा की चाळीस पोरं गप्प बसावीत. त्यांनी काकांना नखशिखांत पाहिलं आणि सांगितलं की त्यांच्याकडे अकरा दगड आहेत आणि त्यातल्या सहांची नावं त्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या पणजोबांच्या आधीची माणसं त्या रानात एका पट्टीवर गुलाम म्हणून राबली. गुलामी संपल्यावर त्याच कुटुंबानं तीच पट्टी विकत घेतली. पट्टीच्या टेकडीकडच्या टोकाला, झाडीत, ती सगळी माणसं पुरली आहेत. शेवटचा दगड लोरेनबाईंच्या आईचा. तिच्या शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवली आहे.

आणि ती जागाच जायची वेळ आली होती. टेकडी एका बाहेरच्या माणसानं विकत घेतली होती. त्याला वर लग्नाचं लॉन काढायचं होतं, जुन्या फ्रेंच धाटणीचं, आणि उतारावर गाड्या लावायला जागा. त्यानं दुसऱ्या राज्यातल्या कुणाकडून तरी नकाशा करून आणला, आणि त्या नकाशात लोरेनबाईंची पट्टी टेकडीच्या बरीच अलीकडे संपत होती. दगड त्याच्या हद्दीत. गुलाबी फिती लावलेल्या खुंट्या ठोकून झाल्या होत्या, आणि पत्र आलं होतं की तो राडारोडा उचलून न्यावा. राडारोडा. लोरेनबाईंनी तो शब्द आम्हाला वाचून दाखवला तेव्हा त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. गावातल्या परवानाधारक मोजणीदाराची तारीख ऑक्टोबरमधली मिळाली होती. बुलडोझर जुलैत येणार होता.

त्यानंतर दर शनिवारी मी काकांना तिकडे नेऊ लागले. स्मिता मुलांच्या स्विमिंगमध्ये, निखिलला हे तिकडे जाणं आवडत नव्हतं, आणि काकांना गाडी येत नव्हती. पहिल्याच शनिवारी लोरेनबाईंनी लिंबू सरबत आणलं. बाहेर ऊन असं की डांबर मऊ झालेलं. काकांनी ग्लासाला हात लावला नाही. अंगणाबाहेर अक्रोडाच्या झाडाखाली जाऊन स्वतःच्या स्टीलच्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायले. बाईंचा चेहरा उतरला. या देशात त्यांच्या हातचं कुणी घेत नाही असा काळ त्यांनी पाहिला होता, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं, आणि मग मी धावत समजावून सांगितलं. मोजणी संपून कागदावर सह्या होईपर्यंत कुठल्याच पक्षाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हा काकांचा नेम. एकदा दहिवडीला याच नेमापायी ते उन्हात चक्कर येऊन पडले होते, तरी मोडला नव्हता. लोरेनबाईंनी तो ग्लास परत ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, गावातल्या वकिलांना हे कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

एकदा त्यांनी आम्हाला नदीच्या बंधाऱ्यावर नेलं. पलीकडच्या इलिनॉय राज्याची पहिली राजधानीसुद्धा असंच फ्रेंच गाव होतं. नदीनं एकदा पात्र बदललं आणि ते गाव नदीच्या अलीकडे, आमच्या मिसुरी राज्याच्या बाजूला येऊन पडलं. मला वाटलं काकांना धक्का बसेल, कारण जमीन हलत नाही, माणसं हलवतात, असं ते सारखं म्हणायचे. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की मग ते गाव आता कोणत्या राज्यात धरतात. अजून इलिनॉयमध्येच, बाई म्हणाल्या. हद्द जुन्या पात्रावरच ठेवली. काकांनी पाण्याकडे बघत मान डोलावली. दिवसभर त्यांनी कुणालाही शिव्या दिल्या नाहीत.

चूक त्यांना सापडली ती पट्टीच्या रुंदीत. पट्टी एक आर्पेंट रुंद आणि चाळीस आर्पेंट लांब, असं जुन्या कागदात होतं. आर्पेंट हे फ्रेंचांचं माप, एकशेऐंशी फुटांचं. नव्या नकाशातही रुंदी एकशेऐंशीच फूट. पण पट्टीच्या दोन्ही कडांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी न हलवलेले जुने हद्दीचे दगड होते, आणि काकांनी त्यांच्यामध्ये दोर धरला तर एकशे ब्याण्णवच्या आसपास आले. आसपास हा शब्द माझा. त्यांनी इंचापर्यंत लिहिलं होतं. परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग जमिनीवर फतकल मारून बसले आणि मला विचारलं, "फूट कुणाचा?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी चिडून सांगितलं की आमच्याकडे गावागावाचा बिघा वेगळा, काठी वेगळी, तसा या लोकांचा फूट इंग्रजांच्या फुटाएवढाच कशावरून? मी फोनवर शोधलं. जुना फ्रेंच फूट आपल्या फुटापेक्षा बोटभर लांब. बोटभर! एकशेऐंशी फुटांत बारा फुटांचा फरक, आणि चाळीस आर्पेंटांच्या लांबीत पावणेपाचशे फुटांचा. दुसऱ्या राज्यातल्या त्या नकाशावाल्यानं जुना आकडा तसाच उचलून मशीनमध्ये घातला होता. पट्टीचं टेकडीकडचं टोक, झाडी, अकरा दगड, लोरेनबाईंची आई, सगळं त्या बोटभरात गेलं होतं. काका उठले, धोतर झटकावं तशी पायजम्याची धूळ झटकली, आणि साताऱ्यात ज्याला अस्सल म्हणतात अशी एक शिवी दिली. ती मी भाषांतर केली नाही, पण लोरेनबाईंना समजली.

आता हे नीट ऐका, कारण इथेच सगळं फिसकटलं. आम्ही गुपचूप त्या शनिवारी मोजून, नकाशा करून, ऑक्टोबरची तारीख दिलेल्या मोजणीदाराला लगेच दाखवला असता तर काम थांबवता आलं असतं आणि टेकडीवाल्याला आधी सुगावा लागला नसता. बुलडोझरला अजून दोन आठवडे होते. मी हेच म्हणत होते. पण काका म्हणाले, लगतदाराला नोटीस दिल्याशिवाय मोजणी करता येत नाही. शेजारी हजर पाहिजे, निदान त्याला बोलावलेलं पाहिजे. मी म्हटलं, काका, तो तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही सरकारी नाही, इथे तुमच्याकडे परवाना नाही, कशाला साप उकरून काढता? ते म्हणाले, "मग ती मोजणी नव्हे, चोरी." आणि मला नोटीस लिहायला बसवलं.

मी इंग्रजीत लिहिली, ते मराठीत सांगत होते. अमुक दिवशी अमुक वाजता सदर जमिनीची मोजणी होईल. आपण स्वतः अथवा प्रतिनिधीमार्फत हजर राहावे. हजर न राहिल्यास मोजणी थांबणार नाही. खाली त्यांनी सही केली, लोरेनबाईंनी केली, आणि मग पेन माझ्याकडे आलं. साक्षीदार आणि दुभाषी म्हणून. माझं ग्रीन कार्ड बारा वर्षं रांगेत आहे. नाव कुठल्या भांडणात नको, हे आमच्या सगळ्यांच्या हाडात भिनलेलं. मी म्हटलं, काका, माझं नाव नको. त्यांनी हात पुढे केला. पेन घेतलं, टोपण लावलं, खिशात ठेवलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून मी स्मिताचं घर लिहिलं. माझं नाही, स्मिताचं. हे मी कुणाला सांगत नाही, इथे सांगते.

शनिवारी मोजणी झाली. वरून कुणी आलं नाही. काकांनी तीन-चार-पाच गाठींच्या दोरीनं काटकोन काढले, झाडीतून मधोमध एक सरळ दोर ताणला, आणि त्या दोरापासून एकेका दगडापर्यंतचं आडवं अंतर घेतलं. प्रत्येक दगडाच्या डोक्याकडचं आणि पायाकडचं. मी म्हटलं, हद्द दाखवायची आहे, दगडांची एवढी उठाठेव कशाला? तर ते खेकसले, की जमिनीवर जे आहे ते कागदावर आलं पाहिजे, मोजणीदारानं निवडायचं नसतं. लोरेनबाई प्रत्येक दगडापाशी थांबून नाव सांगत होत्या, जिथे ठाऊक होतं तिथे. काकांनी ती देवनागरीत लिहिली. पाच ओळींत नावाच्या जागी रेघ ओढली.

बुधवारी टेकडीवाल्याच्या वकिलाचं पत्र आलं, स्मिताच्या घरी. परवान्याशिवाय मोजणी करणाऱ्या या इसमाची या देशातली नेमकी स्थिती काय आहे, असा त्यात प्रश्न होता. गुरुवारी टेकडीवर बुलडोझर चालला. झाडी गेली, दगड गेले, उतार सपाट. पार्किंगचं काम वेळेआधी सुरू झालं, एवढंच टेकडीवाल्याकडून सांगण्यात आलं.

लोरेनबाईंचा फोन आल्यावर मी काकांना घेऊन निघाले आणि सगळ्या रस्त्यात त्यांच्यावर ओरडत होते. तुमच्या नोटिशीनं घात केला, मी म्हणाले. तुम्ही त्याला तारीख दिलीत, वेळ दिलीत, बोलावलंत. त्या बाईची आई तुमच्या नियमानं गेली. ते खिडकीतून बाहेर बघत होते. एका पुलापाशी म्हणाले, "चोरून मोजलं असतं, तर त्याच्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला असता?" मी म्हटलं, फरक हा की दगड राहिले असते.  मी अजून ठरवू शकले नाही की कोण बरोबर होतं. मी त्यांना कशा शब्दांत बोलले, हे मात्र कळतं, आणि त्याचा राग उतरत नाही.

निखिलनं काकांचं तिकीट बदललं. तीन महिने आधीच परत. त्याचंही मी काय चुकीचं म्हणू, त्याचीही फाइल तशीच अडकलेली. पण त्यानं जेवणाच्या टेबलावर मुलांसमोर म्हटलं की बाबा, तुम्ही आमचं आयुष्य रिस्कवर टाकलंत, कुणा परक्या बाईच्या दगडांसाठी. मंडळाच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन समजावलं की आपण इथे पाहुणे आहोत, स्थानिकांच्या भानगडीत नाक खुपसू नये. पाहुणे! वीस वर्षं टॅक्स भरतात, दोन घरं घेतलीत, आणि कुणाच्या कबरी नांगरल्या की लगेच पाहुणे होतात.

पुढचं आधीच सांगून टाकते. ऑक्टोबरात गावातला मोजणीदार आला. फ्रेंच फूट त्याला बाळपणापासून तोंडपाठ होता. काकांच्या वहीची कॉपी त्यानं बराच वेळ चाळली आणि विचारलं, या गृहस्थांना भेटता येईल का. मी म्हटलं, फलटणला जावं लागेल. हद्द जुन्या जागी गेली, कुंपण मागे सरकलं. टेकडीवाल्यानं गैरसमजाबद्दल खेद व्यक्त केला. दगडांपैकी सात ओढ्याच्या काठी टाकलेले सापडले, चार नाही. काकांना निखिलनं पुन्हा बोलावलं नाही. दोन वर्षांनी ग्रुपवर ते जोडलेले हात आले.

मला मात्र ते दिसतात ते विमानाच्या आदल्या दिवशीचे. ते म्हणाले, वैशाली, एकदा ने. टेकडीचा उतार उघडा पडलेला, लाल चिखल, मध्ये बुलडोझरच्या खुणा. लोरेनबाई आधीच येऊन उभ्या होत्या. काकांनी जुन्या हद्दीच्या दगडापासून दोर ताणला, वही उघडली आणि एकेक माप परत जमिनीवर उतरवायला सुरुवात केली. पहिला दगड, डोकं इथे, पाय इथे. खुंटी. दुसरा. खुंटी. नाव असलेल्या जागी ते थांबून ते नाव मोठ्यानं वाचत, आपल्या साताऱ्याच्या उच्चारात. नाव नसलेल्या जागी नुसतेच थांबत. दोन तास लागले. अकराही जागा परत उभ्या राहिल्या, इंचाला इंच.

वरून एक माणूस आला, टेकडीवाल्याचा. फोनवर शूटिंग करत, ट्रेसपास, ट्रेसपास म्हणत. काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते लोरेनबाईंकडे वळले आणि आईच्या खुंटीशेजारच्या मोकळ्या चिखलाकडे बोट करून मला म्हणाले, यांना विचार, माप घेऊ का. मी विचारलं. लोरेनबाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसल्या, आणि स्वच्छ इस्त्रीच्या निळ्या ड्रेससकट त्या चिखलात आईच्या शेजारी सरळ आडव्या झाल्या. हात अंगाशी, डोळे मिटलेले.

तो माणूस फोन घेऊन पुढे आला. ही बाई काय करते आहे, असं त्यानं मला विचारलं. काका दोर घेऊन त्यांच्या डोक्याशी वाकले होते. वर न बघता म्हणाले, "सांग त्याला. वहिवाट चालू आहे."

इंग्रजीत मला वहिवाटीला शब्द सापडेना. मी त्या फोनच्या समोर जाऊन उभी राहिले, माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, आणि म्हटलं की या इथे राहतात. काकांनी बाराव्या ओळीत आकडा लिहिला आणि लोरेनबाईंच्या पायाशी खुंटी ठोकली. चिखलात तीन घाव पुरेसे झाले. तो माणूस शूटिंग करत राहिला. लोरेनबाई उठल्या नाहीत.